क्षणाची पकड
(खेळाची छायाचित्रे काढू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी)

हा लेख लिहिण्याआधी आपल्या महाविद्यालयाचे जुने वार्षिकांक मी ग्रंथालयात बसून चाळले. प्रत्येक अंकात क्रीडा विभागाचे एक पान आहे. संघ दोन ओळींत उभा असतो, पुढे खुर्च्यांवर मान्यवर बसलेले असतात आणि मधोमध करंडक झळकत असतो. वर्षे बदलतात, चेहरे बदलतात. पान तेच राहते. त्या पानावर खेळ मात्र कोठेच दिसत नाही. ज्या पकडीमुळे करंडक मिळाला, ती पकड कोणी पाहिली? मैदानावर होते त्यांनी. इतरांसाठी ती झालीच नाही.

आमच्या घरातही असाच एक फोटो आहे. माझे वडील मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावाच्या कबड्डी संघात उजवा कोपरा सांभाळत. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली, पण कबड्डी सुटली नाही. त्यांची घोट्याची पकड आसपासच्या गावांत नावाजलेली होती, असे लोक अजून सांगतात. पुरावा म्हणून आमच्याजवळ पंचवीस वर्षांपूर्वीचा एकच रंगीत फोटो आहे. त्यात बाबा मागच्या रांगेत उभे आहेत आणि पाहुण्यांच्या गळ्यातल्या जाडजूड हारामागे त्यांचा अर्धा चेहरा झाकला गेला आहे. बाबा खेळत कसे, हे मी कधीच पाहू शकणार नाही. खेळाचे फोटो काढायला मी शिकले ते या एका हुरहुरीपोटी.

मी काही या विषयातली जाणकार नव्हे. शहापूरला माझे मामा लग्नाचे फोटो काढतात. त्यांचा जुना कॅनन १५००डी कॅमेरा मी दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी मागून आणते. त्या दोन वर्षांत ज्या चुका केल्या आणि त्यातून जे शिकले, तेवढेच येथे मांडते.

पहिली चूक आणि थोडे गणित

पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेले ती मुलींची आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धा होती. दिवसभरात मी चारशेच्या वर फोटो काढले. संध्याकाळी मामांना दाखवले. ते एकेक पाहत गेले आणि शेवटी एवढेच म्हणाले, “अगं, छत्तीस फोटोंचा रोल असता, तर तू आधी विचार केला असतास.” निम्मे फोटो पुसट होते. उरलेल्यांत पाठी होत्या, रिकामे मैदान होते, किंवा सगळे झाल्यावर उठून अंग झाडणाऱ्या मुली होत्या.

फोटो पुसट का होतो, हे साध्या त्रैराशिकाने समजते. जोरात धावणारा खेळाडू एका सेकंदात सुमारे ६ मीटर जातो असे धरू. कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, १/६० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात तो १० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. फोटोत तेवढी त्याची फरफट उमटते. १/२५० सेकंदात तो सुमारे अडीच सेंटिमीटर सरकतो आणि १/१००० सेकंदात जेमतेम ६ मिलिमीटर. म्हणून खेळासाठी निदान १/५०० आणि उजेड असेल तर १/१००० सेकंद हा वेग ठेवावा. खेळाडू आपल्यासमोरून आडवा जात असेल, तर वेग जास्त लागतो. थेट आपल्याकडे येत असेल, तर थोडा कमी चालतो.

दुसरे गणित मला जास्त उपयोगी पडले. मामांचा कॅमेरा बटण दाबून धरले की सेकंदाला तीन फोटो काढतो. मला वाटले, बटण दाबून धरावे, म्हणजे एखादा तरी चांगला निघेल. पण सेकंदाला तीन म्हणजे दोन फोटोंमध्ये जवळजवळ तृतीयांश सेकंदाची फट, आणि त्या फटीत खेळाडू दोन मीटर निघून जातो. पकड नेमकी त्या फटीतच होते. शिवाय या जातीच्या कॅमेऱ्यात फोटो उमटताना आतला आरसा वर उचलला जातो आणि तेवढा क्षण आपल्याला काहीच दिसत नाही. म्हणजेच जो क्षण मी कॅमेऱ्यातून डोळ्यांनी स्पष्ट पाहिला, तो हमखास हुकलेला असतो. बटण क्षण आल्यावर दाबायचे नसून तो यायच्या आधी दाबायचे असते. आणि तो येणार हे कळायचे, तर खेळ कळला पाहिजे.

सावेदादांची कुस्ती

चपळ हालचाल पकडण्याची माणसाची धडपड जुनी आहे. भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात की नाही, हा वाद एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे मिटवला. त्यांनी धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने मांडले आणि घोडा पुढून जाताना ओळीने फोटो निघतील अशी योजना केली. चारही पाय सुटतात हे सिद्ध झाले. पण ते चित्रकार दाखवीत तसे ताणलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. डोळ्यांनी जे शेकडो वर्षे पाहिले ते चूक निघाले.

आपल्या मराठी माणसाचे उदाहरण तर याहून जवळचे आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मुंबईतले छायाचित्रकार. त्यांनी विलायतेहून चलच्चित्रणाचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. पुढे १९०१ मध्ये रँग्लर परांजपे परदेशातून परतले तेव्हाचे त्यांचे स्वागतही सावेदादांनी टिपले. स्वागतसमारंभ टिपण्यात गैर काहीच नाही. परंतु कॅमेरा हाती येताच त्यांनी आधी मातीत झुंजणारे दोन मल्ल टिपले होते, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्या पानांवर स्वागत राहिले आणि कुस्ती गेली, एवढेच माझे म्हणणे आहे.

हत्यार कोणते हवे

महाग कॅमेरा नाही म्हणून अडून राहू नये. मात्र जे हाती आहे त्याच्या मर्यादा ओळखाव्यात.

कॅमेरा असेल तर वरच्या चकतीवर वेग आपण ठरवण्याची खूण असते. कॅनॉनवर टी आणि व्ही ही अक्षरे, निकॉनवर एस. तेथे चकती ठेवून वेग १/१००० करावा. फोकस सतत बदलत राहील असा पर्याय निवडावा. कॅनॉनमध्ये त्याला एआय सर्व्हो म्हणतात. बटण अर्धे दाबून खेळाडूवर धरून ठेवावे आणि वेळ येताच पूर्ण दाबावे. आयएसओ म्हणजे प्रकाश टिपण्याची तीव्रता. हा आकडा वाढवला की अंधारातही वेग मिळतो, पण फोटोवर रवा दिसू लागतो. रव्याला भिऊ नये. रवाळ फोटो छापता येतो, पुसट फोटो फेकावाच लागतो.

मोबाइल असेल तर बोटांनी ताणून चित्र मोठे करू नये, त्याने फक्त दर्जा जातो. आपण पायांनी जवळ जावे. जेथे घटना होणार त्या जागी पडद्यावर बोट दाबून धरावे, म्हणजे फोकस तेथे पक्का होतो. मोबाइल दुपारी आणि उन्हात चांगले काम करतो. सांजावले की तो आपला आपण शटरचा वेग कमी करतो आणि माणसांची भुते होतात. ज्या मोबाइलमध्ये ‘प्रो’ ही सोय आहे, तेथे वेग आपण ठरवावा. चलच्चित्रातून एखादी चौकट काढून घेता येते, पण तीही बहुधा पुसटच निघते.

कोठे बसावे : कबड्डी

दुसऱ्या स्पर्धेला बाबा माझ्याबरोबर आले. रात्रीचे सामने होते आणि मुलगी एकटी कशी जाणार, हे कारण. त्यांना कॅमेऱ्यातले काही कळत नाही. ते माझ्या मागे उकिडवे बसले आणि खेळ पाहता पाहता पुटपुटू लागले, “आता जाईल डावीकडं... नाय गेला... आता हात टाकील.” दर खेपेला तसेच होई. मी विचारले, कसे कळते? ते म्हणाले, “बाय, त्याच्या हाताकडं नको बघू. हात फसवतो. मागच्या पायाकडं बघ. टाच उचलली का समज, निघाला.”

मला दोन वर्षांत मिळालेला हा सर्वांत मोठा धडा. त्यानंतर मी टाचेकडे बघू लागले.

कबड्डीचे मैदान पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर आणि स्त्रियांसाठी १२ बाय ८ मीटर असते. एवढ्याशा जागेत चौदा जण. जागा चुकली तर पाठीच पाठी मिळतात. चढाई करणाऱ्याचे तोंड बचाव करणाऱ्यांच्या अंतिम रेषेकडे असते, म्हणून त्याचा चेहरा हवा असेल, तर त्या रेषेमागे एका कोपऱ्याशी बसावे. बाद खेळाडूंच्या बसण्याची जागा तेथेच असते, तिला अडथळा होऊ देऊ नये. पकड झाल्यावर चित्र पालटते. आता चढाईवाल्याचा जीव मध्यरेषेत अडकलेला असतो. बोटाचे टोक जरी तिला लागले तरी तो सुटला. त्याचे तोंड, ताणलेला हात आणि मागे लोंबकळणारी साखळी हे सारे मध्यरेषेच्या बाजूने दिसते. म्हणून उत्तरार्ध तेथे, बाजूरेषेपासून दोन-तीन मीटर दूर आणि पंचांना आड न येता बसून काढावा. उभे राहू नये. कॅमेरा खेळाडूच्या कमरेच्या उंचीवर असला की उडी उंच दिसते आणि मागे मोटारसायकलींऐवजी प्रेक्षकांचे चेहरे येतात.

नियम पाठ असले की पुढचा क्षण आधीच कळतो. चढाई ३० सेकंदांची असते. अखेरच्या दहा सेकंदांत काहीतरी घडणारच. अनेक स्पर्धांत आता लागोपाठ दोन चढाया गुणाविना गेल्या, की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर खेळाडू बाद. त्या तिसऱ्या चढाईला कॅमेरा डोळ्यावरून काढू नये. सहा किंवा सात बचावपटू मैदानात असताना बोनस रेषा चालू असते. तिकडे पाय टाकताना चढाईवाल्याचा तोल जातो आणि कोपरारक्षक नेमके तेव्हाच झेपावतात. बाबा म्हणतात, कोपरा शांत दिसला की समजावे तो ठरवून बसला आहे.

कोठे बसावे : खो-खो

नवशिक्याने खरे तर सुरुवात खो-खोने करावी. हा खेळ वेगवान असला, तरी त्याचा नियमच आपल्या मदतीला येतो. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की त्याला मागे वळता येत नाही; खांबापर्यंत जाऊनच दिशा बदलता येते. म्हणजे तो खांबाशी येणार हे ठरलेलेच. खांबाच्या रेषेत, थोडे दूर आणि बाजूला बसावे, फोकस खांबावर पक्का करावा आणि वाट पाहावी. खांबाला हात घालून खेळाडू गर्रकन वळतो किंवा बचाव करणाऱ्याच्या मागे सूर मारतो. तो सूर मिळाला की दिवस सार्थकी लागला.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ अंतिम सामन्यात नेपाळला हरवून जगज्जेते ठरले. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. आपल्या शाळेच्या अंगणातला खेळ एवढा मोठा झाला. त्याचे चांगले फोटो काढणारी मुलेही याच मातीतून यायला हवीत.

रात्रीचा उजेड

आपल्याकडे शहापूर-मुरबाडच्या गावांतून कबड्डीचे सामने बहुधा रात्री प्रकाशझोतात होतात. येथे नवशिक्याचा धीर सुटतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी भिंग रात्री आंधळी ठरते. मामांनी मला ५० मिलिमीटरची, १.८ छिद्राची छोटी भिंग दिली. ५.६ छिद्राच्या तुलनेत ती साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. तिच्याबरोबर आयएसओ ३२०० ठेवला की बऱ्याच मैदानांवर १/५०० सेकंद वेग मिळतो.

एक गोष्ट मला फार दिवस कोड्यात टाकीत होती. एकाच जागेवरून, एकाच दिव्याखाली काढलेले लागोपाठचे फोटो एक उजळ तर एक काळपट येत. कारण असे, की आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते आणि अनेक दिवे त्यामुळे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, वेगवान शटरला जाणवते. यावर सोपा उपाय एवढाच, की महत्त्वाच्या क्षणी दोन-तीन फोटो जास्त घ्यावेत. आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश कदापि वापरू नये. पकडीच्या क्षणी खेळाडूच्या डोळ्यांवर झगझगाट पडला, तर त्याला इजा होऊ शकते. फोटोपेक्षा त्याचा गुडघा महत्त्वाचा.

बैलगाडा शर्यत

गतीचा आणखी एक प्रकार आपल्या भागात पाहायला मिळतो. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून या शर्यती पुन्हा भरू लागल्या. येथे मी उलटी युक्ती वापरते. वेग मुद्दाम कमी, १/६० सेकंद ठेवायचा आणि गाडा समोरून जाताना त्याच्याच गतीने कॅमेरा फिरवीत बटण दाबायचे. जमले तर बैलांची तोंडे स्पष्ट येतात आणि पाय, चाके व मागची गर्दी यांच्या रेघा होतात. माझे वीसात एक जमते. सराव रस्त्यावरच्या सायकलींवर करावा. शर्यतीत मात्र कठड्याच्या आत पाऊल टाकू नये. उधळलेली जोडी फोटोवाल्याला ओळखत नाही.

फोटो काढल्यानंतर

घरी आल्यावर निवड निर्दयपणे करावी. चेहरा दिसतो का, चेंडू किंवा हात किंवा रेषा यांपैकी ज्यावर झुंज चालली आहे ते दिसते का, हे दोन प्रश्न विचारावेत. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर फोटो कितीही स्पष्ट असो, बाजूला काढावा.

मुलींच्या सामन्यात आधी विचारावे आणि नंतरही विचारावे. पकडीत कपडे विस्कटतात, अंग वेडेवाकडे होते. तो फोटो गटागटांतून फिरू लागला, तर उद्या त्या मुलीचे खेळणे घरून बंद होऊ शकते. ज्याने फोटोत खेळ न दिसता केवळ शरीर दिसेल, तो फोटो मी पुसून टाकते.

आणि शेवटचे काम म्हणजे नावे लिहिणे. स्पर्धा, तारीख, दोन्ही संघ, आणि फोटोत कोण काय करीत आहे. आमच्या घरच्या त्या फोटोमागे काहीच लिहिलेले नाही. त्यातले नऊ जण कोण, हे मी बाबांना विचारले. सहा नावे आठवली. तीन जण बाबांबरोबर एकाच मातीत पडले-उठले, आणि आज त्यांना नाव नाही.

मागच्या हिवाळ्यात मला एक फोटो मिळाला. आपल्याच महाविद्यालयाची एक मैत्रीण चढाईवरून परतताना पकडली गेली आहे. दोघींनी तिची कंबर धरली आहे, एकीने घोटा. तिचा उजवा हात पुढे आहे आणि मध्यरेषा त्या हातापासून चार बोटे दूर. तिने तो पाहिला आणि म्हणाली, “मी अशी दिसते?” तिच्या आईने तिचा खेळ कधी पाहिलेला नव्हता, सामन्यांच्या दिवशी त्या कामावर असतात. त्या फोटोकडे पुष्कळ वेळ पाहत राहिल्या आणि एवढेच विचारले, “लागलं नाय ना गो?” त्या चढाईत ती बाद झाली होती आणि आपण तो सामना हरलो होतो. करंडकाच्या फोटोत आपण कोठेच नव्हतो. पण तिच्या घरी आता तिच्या खेळाचा फोटो आहे. तिच्या संमतीने तो याच अंकासाठी संपादकांकडे दिला आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांना अंगणात उभे केले. धाकट्या भावाला चढाईला पाठवले. बाबा लाजले, मग पदरात पडले म्हणून कोपऱ्यात वाकून बसले, आणि एकाएकी त्यांचे डोळे वेगळेच झाले. भावाच्या टाचेकडे ते बघत होते. मी १/१००० सेकंद वेग ठेवला होता. झेप अर्धीच झाली, गुडघ्याने दगा दिला. तरी बोटे घोट्याला भिडली तो क्षण मिळाला. फोटोमागे मी तारीख आणि दोन नावे लिहिली आहेत.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यातल्या बहुतेकांच्या खिशात आज कॅमेऱ्याचा मोबाइल आहे, आणि कबड्डी-खो-खो आपल्याला शिकवावी लागत नाही. शहरातला मोठा छायाचित्रकार येईल तेव्हा त्याला टाच दिसणार नाही; आपल्याला दिसते. पुढच्या स्पर्धेला मैदानाच्या कडेला जागा धरा, पंचांची परवानगी घ्या आणि बसा. पुढच्या वार्षिकांकाच्या क्रीडा पानावर करंडकाशेजारी धूळही असू द्या.

— द्वितीय वर्ष कला